हेल्मेटवाले गावंडे साहेब

गावंडे साहेब कचेरीत हेल्मेट घालून बसायचे. मोटारसायकलवरून उतरताना काढायचं विसरले, असं नव्हे. मोटारसायकल त्यांच्याकडे नव्हतीच. ते घरून पायी यायचे, टिफिन उजव्या हातात, हेल्मेट डाव्या. खुर्चीत बसायच्या आधी हेल्मेट डोक्यावर चढवायचे, पट्टा हनुवटीखाली लावायचे, समोरची काच वर करायचे आणि मग चष्मा आत सरकवायचे. हे सगळं झालं की म्हणायचे, "हं. पाठवा पयला."

अकोला आणि अमरावती यांच्या मधातल्या एका तालुक्याच्या गावी माझी बदली झाली होती. तिथल्या नगरपालिकेत नगररचनेच्या टेबलावर मी आवक-जावक लिपिक. बांधकामाची परवानगी, रस्त्याची रेषा, अतिक्रमणाची नोटीस, सगळं आमच्याकडे. ज्या ओट्यावरून, भिंतीवरून आणि गटारावरून सख्खे शेजारी एकमेकांच्या अंगावर जातात, ते सारे ओटे न् भिंती कागद होऊन आमच्याच टेबलावर यायचे. साहेब रचना सहायक होते. गावाच्या दृष्टीनं मात्र ते एकच काम करायचे. पाडायचं.

पहिल्या दिवशी मी शिपाई बाबारावांना हळूच विचारलं, "साहेब असे काहून बसतात?"

"मागच्या गावी एकानं काचेचा पेपरवेट हाणला," बाबाराव म्हणाले. "आता टेबलावर पाहा तुमी."

मी पाहिलं. टेबलावर पेपरवेट नव्हता. स्टॅपलर नव्हतं. शिक्का दोरीनं टेबलाच्या पायाला बांधलेला. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून खोलीभर सुतळी ताणलेली आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी अर्ज लटकवलेले. आलेल्या माणसाला आपला अर्ज वाळत घातलेला दिसायचा. खुर्च्या साखळीनं बाकाला जखडलेल्या. पाणी कागदी कपात.

कुठलीही वस्तू साहेब एकाच नजरेनं पाहायचे. मी एकदा टेबलावर छोटी कुंडी आणून ठेवली. बिचारं मनीप्लांट होतं. साहेबांनी कुंडी उचलली, तळहातावर तोलली आणि म्हणाले, "झाड चांगलं हाये ताई. पण हे डोक्याले लागते."

माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मी त्यांना घरी बोलावलं, तेव्हाही तेच. केक कापून झाला, सगळे बसले, आणि साहेब शोकेसमधली पितळी समई पाहत म्हणाले, "ही उचलून हाणली तं माणूस उठत नाई." माझ्या सासूबाई त्यानंतर आठ दिवस समईकडे संशयानं पाहत होत्या.

हा माणूस भित्रा असेल असं वाटलं असतं, पण लोक शिव्या द्यायला आले की त्यांचं वागणं वेगळंच. कोणी दारातूनच ओरडत आला, की साहेब खुर्ची दाखवायचे. "बसा जी. पाणी प्या. उभ्यानं शिव्या देल्या तं दम लागते." माणूस बसायचा, पाणी प्यायचा, आणि शिव्यांतली निम्मी वाफ तिथंच जायची. उरलेल्या साहेब ऐकून घ्यायचे. संपल्या की विचारायचे, "झालं? आता नकाशा पाहू."

गावात त्यांच्याशी कोणी बोलत नसे. हॉटेलात ते बसले की बाकीचे उठून दुसऱ्या बाकावर जायचे. एकदा न्हाव्यानं अर्धी दाढी करून वस्तरा गळ्याशी थांबवला आणि आपल्या भिंतीच्या नोटिशीचं काय झालं ते विचारलं. साहेबांनी तशाच अवस्थेत कलम सांगितलं. त्या दिवसापासून ते घरीच दाढी करत, आणि हनुवटीवर कागदाचे कपटे चिकटवून कचेरीत येत.

मी हे हसत सांगते आहे, पण लोकांचा राग खोटा नव्हता. बाजार रस्ता रुंद करायचं निघालं, तेव्हा पुरुषोत्तम भटकर नावाचा शिंपी आमच्याकडे दोनदा येऊन गेला. त्याच्या दुकानाचा ओटा चार फूट बाहेर होता. गिऱ्हाईक त्या ओट्यावरच बसायचं.

"सायेब, कोपऱ्यावरची तीन मजली बिल्डिंग सात फूट बाहेर हाये. थे नाई दिसत तुमाले?"

"दिसते. तिले तीन नोटिसा देल्या मी."

"मंग पाडत काहून नाई?"

"नोटीस माह्या हातात हाये. जेसीबी नाई."

"माह्या ओट्यासाठी बरा येते जेसीबी."

साहेबांनी पाण्याचा कप पुढं केला. पुरुषोत्तमनं तो घेतला नाही. त्याचा अर्ज सुतळीवर लटकतच राहिला.

जून लागला होता, ऊन मात्र मे महिन्याचंच होतं. त्या सकाळी पाडापाडीला साहेब, बाबाराव, मी आणि दोन पोलीस असे गेलो. साहेबांच्या सहीच्या आदेशानं पंचनाम्याचे कागद माझ्याकडे. तीन ओटे शांतपणे गेले. चौथा पुरुषोत्तमचा. जेसीबीचा पंजा ओट्यावर पडला तशी गर्दी पुढं सरकली. कोणीतरी मागून कोपऱ्यावरच्या बिल्डिंगीचं नाव घेतलं. मग पहिला दगड आला, तो जेसीबीच्या काचेवर. ड्रायव्हर उडी मारून पळाला. पोलीस फोन लावू लागले.

त्या गडबडीत माझ्या डोक्यावर काहीतरी जड येऊन बसलं आणि मला ऐकू येईनासं झालं. साहेबांनी आपलं हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं होतं. आत खोबरेल तेलाचा उग्र वास होता. ते पट्टा लावायचा प्रयत्न करत होते आणि काहीतरी बोलत होते. ते नंतर बाबारावांनी मला सांगितलं. "तुमी माह्या सहीनं आल्या ताई," असं ते म्हणत होते. पट्टा लागला नाही. अर्धी वीट आली, त्याच ओट्याची, आणि साहेबांच्या कपाळाला बसली. ते खाली बसले. पडले नाहीत, बसले. चष्मा शोधू लागले.

पुढचे दोन दिवस कचेरीत लेखणी बंद आंदोलन. गावातल्या मोबाइलच्या ग्रुपांवर विटेचं कौतुक चाललेलं. पुरुषोत्तमला त्याच दुपारी धरून नेलं. सरकारी कामात अडथळा, मारहाण. जामिनाला वेळ लागणार, असं सगळे म्हणाले.

दवाखान्यात जबाब घ्यायला हवालदार आले, तेव्हा मी साहेबांजवळ होते. त्यांच्या आधी एक पुढारी येऊन गेले होते. म्हणाले, "सायेब, चेहरा दिसला नाई म्हणा. मिटवून टाकू." नंतर आमचे कर्मचारी नेते आले. त्यांचं म्हणणं उलट. जमाव पन्नासचा होता, हातात हत्यारं होती, असं लिहून द्या, म्हणजे गावाला अद्दल घडेल.

साहेबांनी हवालदाराला सांगितलं, "चेहरा दिसला. पुरुषोत्तम भटकर. डाव्या हातानं फेकली. एकच वीट होती, थेही अर्धी. हत्यार कोणाच्या हातात पायलं नाई मी."

म्हणजे गाव नाराज आणि कचेरीही नाराज. भेटायला येणारे त्या संध्याकाळपासून बंद झाले. साहेबांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती आणि मुलगी नागपूरला असते, हे मला तिथंच कळलं. तेही त्यांनी सांगितलं नाही, केसपेपरवर जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहायचं होतं म्हणून नर्सनं विचारलं.

आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. माझ्या मुलीच्या शाळेचे कपडे पुरुषोत्तमकडेच शिवायला टाकलेले. साऱ्या शाळेचेच होते. शिंपी आत, शाळा आठ-दहा दिवसांवर. निदान कापड तरी परत घ्यावं म्हणून मी एका संध्याकाळी दुकानावर गेले. उजेड होता अजून. ओट्याच्या जागी एक फळी टाकलेली. फळीवर पाय ठेवून आत पाहिलं, तर मशीनवर पुरुषोत्तमची बायको वंदना, आणि तिच्या मागं पाटावर वाकून, कपाळाला पट्टी, हातात कैची, गावंडे साहेब निळं कापड कापत होते.

मी तशीच उभी राहिले. वंदनानं मान वर केली. "या ताई. तुमच्या पोरीचा शाळेआधी होते."

"साहेब, तुम्ही इथं?"

"कटिंग करून राहिलो," ते म्हणाले, जसं काही मी रजेच्या अर्जाचं विचारलं होतं.

बाकीचं वंदनानं सांगितलं, मशीन चालवता चालवता. तिला शिवता येतं, पण बेतायचं काम नवऱ्याचं. कापडाचे गठ्ठे पडलेले, आयाबाया रोज दारात. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटून हा माणूस सरळ दुकानात आला. "मी कैची घेऊन धावली अंगावर. म्हटलं, ओटा नेला, नवरा नेला, आता काय नेतं? तं म्हणते कसे, माह्या डोक्याचं काय थे कोर्ट पाहीन. पोराइच्या कपड्याइनं काय केलं?"

"मग?"

"मंग मी लय बोलली. बसून ऐकलं त्याइनं. आन् मंग कैची मागितली."

साहेबांचे वडील मूर्तिजापूरला स्टेशनाजवळ शिलाईचं दुकान चालवायचे. नोकरी लागेपर्यंत साहेब त्यांच्याकडे कापड बेतत होते. कचेरीत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

बाहेर पडताना मी म्हटलं, "साहेब, डॉक्टरांनी आराम सांगितला ना? घरी पडून राहायचं."

त्यांनी खडूची रेघ पूर्ण केली. "घरी टीवी लावा लागते ताई, कोणीतरी बोललं पायजे म्हणून. इथं बाई शिव्या तं देते."

वंदना मशीनवर मान घालून होती. तिनं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. मी फळीवरून उतरले.

केस अजून चालू आहे. साहेबांनी जबाबातला एक शब्दही बदललेला नाही, आणि कोपऱ्यावरची बिल्डिंगही उभी आहे.

शाळेच्या आदल्या दिवशी मी मुलीचा फ्रॉक घ्यायला गेले होते. गठ्ठा बराच उतरला होता. कॉलर लावायचं कामही आता साहेबांकडे आलं होतं. दुकानात दुसरं मशीन होतं, त्यावर ते बसले होते. तेवढ्यात फळी वाजली. वळून पाहिलं तर पुरुषोत्तम. हातात पिशवी, दाढी वाढलेली. जामीन झाल्याचं वंदनाला सकाळीच कळलं असावं, कारण तिला नवल वाटलं नाही. तिनं फक्त मशीन थांबवलं.

साहेबांनीही थांबवलं. ते उठू लागले. पुरुषोत्तम त्यांच्या कपाळाकडे पाहत होता. पट्टी निघाली होती, खूण ताजी होती. मी दोघांच्या मधात माझ्या मुलीचा फ्रॉक धरून उभी. बाजूला व्हावं हे मला सुचलं नाही.

पुरुषोत्तमनं पिशवी खुंटीला अडकवली. साहेबांच्या समोरचा शर्ट उचलला, उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला.

"कॉलर उलटी लागली," तो म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. "हो."

"उसवा लागते."

"उसवतो," म्हणून साहेबांनी मशीनवरची ब्लेड उचलली.

पुरुषोत्तमनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "तुमच्यानं कापड फाटन," तो म्हणाला आणि शर्ट मांडीवर घेऊन खाली बसला. पहिला टाका कापल्यावर, वर न पाहता म्हणाला, "तुमी पुढचा बेता."