एका पाण्यातल्या त्रेचाळीस बाटल्या

जंतू या विषयावर रिसोडमध्ये माझ्याइतकं वाचलेलं दुसरं कोणी नव्हतं, हे मी नम्रपणे नमूद करते. खुद्द जंतूंनाही स्वतःबद्दल एवढी माहिती नसावी! अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते, मासिकं मागवत होते, आणि अडतीस सालच्या उन्हाळी सुट्टीत घरी आले ती बाबांचं दुकान निर्जंतुक करण्याचा बेत ट्रंकेत घालूनच.

बाबा, म्हणजे इंद्रभानजी, ओव्याचा अर्क काढून विकत. गिऱ्हाईक बाटली आपली आणी. बाजाराच्या दिवशी सकाळी ती ओट्यावर रिकामी ठेवायची आणि संध्याकाळी भरलेली घेऊन जायची. बाटल्या बहुतेक सरकारी दवाखान्यातल्या, जुळ्या बहिणींसारख्या. ओळख काय ती गळ्यातल्या दोऱ्याची. कुणाचा लाल, कुणाचा काळा, कुणाची लुगड्याची चिंधी. नाव लिहून उपयोग नव्हता, वाचणार कोण? बाबा दोरा पाहून माणूस ओळखत, आणि त्याचं पोटसुद्धा!

त्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे उठले, माझ्या चहाला नेहमीसारखा फिक्का म्हणाले आणि भट्टीची लाकडं बघायला निघाले. शेवटचा साधा दिवस असाच येतो. त्याच्या गळ्यात ओळखीचा दोरा नसतो.

“बाटल्या इसळून ठेवजो वं,” ते म्हणाले.

“आज उकळणार आहे मी.”

“उकळ. पन इचारून उकळ.”

“कुणाला? जंतूंना?”

“मानसायले!”

मी कुणालाही विचारलं नाही. पंगतीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढवला, पाणी खदखदलं. दोरे पाहिले तर तेलकट, काळे, एकेका दोऱ्यावर जंतूंची जत्रा भरलेली! कात्रीने सगळे कापले आणि चुलीत टाकले. मग थंडगार बाटल्या उकळत्या पाण्यात सोडल्या. टच्च! टच्च! पाच जागीच गेल्या. उरलेल्या अडतीस मी ओट्यावर ओळीत मांडल्या. चकचकीत, शुद्ध, आणि मांडता मांडता माझ्या लक्षात आलं, पूर्णपणे निनावी.

बाबा परतले. ओट्याकडे बघत राहिले.

“दोरे?”

“जाळले.”

“सारे?”

“आगीइतकी खात्री दुसऱ्या कशाची नाही, बाबा.”

ते मटकन खाली बसले आणि हसत सुटले. “बाप्पा! आता साऱ्या तालुक्याचं नवीन बारसं करा लागते!”

संध्याकाळी सर्वांत आधी समोरचे पिंजारी गफ्फारचाचा आले. मालक ठरेपर्यंत बाटल्या रिकाम्याच होत्या; त्यांनी एकामागून एक पाच हुंगल्या.

“इंद्रभान, माह्या बाटलीले अब्बाच्या अत्तराचा वास होता. हिले तं कायचाच वास नाही!”

“तोच तर फायदा आहे, चाचा,” मी म्हणाले.

“बेटा, वास नाही तं वळखू कशी? आवाज देऊ तिले?”

मग गर्दी झाली. एकाच बाटलीला तिघं मालक निघाले आणि पाच मालकांना बाटलीच उरली नाही, कारण त्या फुटलेल्या होत्या! त्या गोंधळात केनवडच्या प्रयागबाई पुढे आल्या. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी हळूच विचारलं, “साऱ्या एकाच पाण्यात उकळल्या काय?”

“हो! कारण शंभर अंशांवर...” मी वर्गात शिरले.

“माही बाटली देवघरात राह्यते. आन् अठरा जातीच्या बाटल्यासंग एका पाण्यात?”

गफ्फारचाचा हातातल्या बाटलीचा तळ निरखू लागले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. जंतूंबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. या जंतूबद्दल मासिकात एक ओळ नव्हती.

“कोनं सांगतलं हे?” प्रयागबाई.

मी तोंड उघडलं. बाबा माझ्याआधी बोलले.

“म्या. म्याच सांगतलं तिले. पोरीनं बापाचं आयकलं, तिचा काय दोस?”

मी तोंड मिटलं. फार सहज मिटलं ते.

“मंग तुह्या दुकानाची पायरी आजपासून मले बंद,” म्हणत प्रयागबाई रिकाम्या हातांनी गेल्या. त्यांच्यामागे सात-आठ जण गेले. बाकीच्यांसाठी बाबांनी अंगावरच्या नव्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येक बाटली भरून, तिला निराळी गाठ मारून ती ज्याच्या त्याच्या हातात दिली. शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत धोतर गुडघ्यावर आलं!

जेवताना मी एवढंच म्हणाले, “तुम्ही खोटं कशाला बोललात?”

“तुले लोकं नावं ठेवतीन तं तू फिरून येशीन काय इथं?” ते म्हणाले. “भाकर खाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीपाशी बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेरवीनंतरच्या बाजाराला मी दुकान उघडलं. उरलेला अर्क विकायचा आणि कुलूप लावायचं. दुपारपर्यंत ओट्यावर एकही बाटली आली नाही. मग प्रयागबाई आल्या आणि खालच्या पायरीवर टेकल्या.

“चालली काय वं अकोल्याले?”

“परवा.”

“एक इचारतो. एखादा दोरा सुटला तं तुहा बाप भर बाजारात धावत येई, ‘बाई, हा तुमचा काय?’ म्हनून. तो मानूस ‘दोरे जाळ’ म्हनन काय?”

मी हातातल्या कुलपाची किल्ली फिरवत राहिले.

“आमाले सारं ठावं हाये, बेटा!” समोरून चाचा ओरडले. “तवाच ठावं होतं!”

“मग तुम्ही रागावून का गेलात, काकू?”

“एका पाण्याचा राग खराच होता. त्याचं मी न् माहा देव पाहून घेऊ. पन पंधरा दिवस आली नाही, ते तुह्यासाठी. म्हटलं, पोरगी बोलते का पाहू.”

म्हणजे ज्या गुपितापायी पंधरा दिवस मला घास गेला नव्हता, ते अख्ख्या पेठेला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं! आता मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कुणाला नव्यानं कळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी उठून ओट्याच्या कडेला उभी राहिले. चाचांची पिंजण थांबली. वर्गात बोलते तसा आवाज काढायला गेले, पण तो निघाला नाही, जो निघाला त्यात म्हणाले, “बाटल्या मी उकळल्या. दोरे मी जाळले. बाबा माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी त्यांना बोलू दिलं.”