घोडे सांभाळणारा लखू

भास्करभाऊंच्या फोटो स्टुडिओत डोळे मिटलेला फोटो बदलून मिळत नाही. मोताळ्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाहेरगावचे लोक फसतात. एकदा धाड गावचा एक मुलगा स्थळांना पाठवायला फोटो काढून घेत होता. नेमकी त्याची पापणी मिटली. "भाऊ, पुसून टाका अन् दुसरा काढा ना," तो म्हणाला. भास्करभाऊंनी कॅमेरा खाली ठेवला.

"काऊन बे? तुले पानी देल्लं, कंगवा देल्ला, मान सरळ कर म्हनलं. तवा काऊन नाई बोलला? बटन दाबाच्या आधी मी मानूस. दाबल्यावर मी सरकार."

तोच फोटो स्थळांना गेला. मुलाचं लग्न जमलं. मुलगी म्हणे, मुलगा शांत दिसतो.

या माणसाबद्दल लिहायला मी योग्य नाही. मला त्यांचा मत्सर वाटतो, आणि तो आजचा नाही. माझे यजमान, सुधीर, दर रविवारी दुपारी जेवून उठले की चपला घालून भास्करभाऊंकडे जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. दुसरी बाई असती तर निदान भांडता आलं असतं. इथे समोर होता एक बिनलग्नाचा फोटोग्राफर आणि वीस तोंडांचा एक फासा.

खेळ असा होता. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. राक्षस येतात, किल्ले येतात. आता काय करणार, हे ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या तोंडून सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. सुधीरांच्या एका मावसभावानं परदेशी जाताना ही पेटी आमच्याकडे टाकली होती. त्यात जाडजूड इंग्रजी नियमांचं पुस्तक होतं. सुधीरांनी ते भास्करभाऊंना दाखवायला नेलं आणि पुन्हा काही घरी आलं नाही. पुस्तकही नाही आणि रविवारही नाही.

गोष्ट सांगायचे भास्करभाऊ. बांगड्यांच्या दुकानाचे कादरभाई जादूगार झाले, एसटीतले कंडक्टर प्रल्हाद योद्धा झाले. सुधीर झाले चोर. त्याचं नाव लखू.

भास्करभाऊंनी ते पुस्तक पोथीसारखं लाल फडक्यात बांधून ठेवलं होतं. खेळाआधी ते सोडायचे, नमस्कार करायचे, आणि मग त्यातला एकेक नियम मोडीत काढायचे. "पुस्तक म्हनते ते म्हनते," हे त्यांचं पालुपद. "ज्यानं लिवलं त्याले आपला मे महिना कुठं माहीत हाये?" म्हणून मे महिन्यात दुपारी कुणी चिलखत घातलं तर त्याची ताकद निम्मी. राक्षससुद्धा उन्हं कलल्याशिवाय गुहेबाहेर यायचा नाही. लुटीतली तलवार विकायची तर बाजाराच्या दिवशीच विकायची. मधल्या वारी गिऱ्हाईक कुठून येणार? आणि भाव करायचा असेल तर फासा टाकून चालणार नाही, तोंडानं करावा लागेल.

या शेवटच्या नियमानं माझा घात केला. भाजीत मीठ नसलं तरी चकार शब्द न काढणारा माझा नवरा तिथे एका राक्षसाशी पूल ओलांडायच्या जकातीवरून तासभर घासाघीस करत होता. राक्षस शेवटी रडकुंडीला आला, असं कादरभाईंनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं. मी भाजी घेऊन घरी आले. सुधीर पेपर वाचत होते. "आज काय झालं तिकडे?" मी विचारलं. "काही नाही," ते म्हणाले.

भास्करभाऊंचा जखमेचा नियमही सांगण्यासारखा आहे. पुस्तकात होतं की रात्रभर झोप घेतली की सगळ्या जखमा भरतात. भास्करभाऊ भडकले. "माह्या मायचा पाय मोडला तं सारा हिवाळा खाटेवर होती. एका रातीत भरते काय जखम?" त्यांनी नियम केला: सेवा करणारं कुणी असेल तर जखम लवकर भरेल, एकटा असेल तर उशिरा. प्रल्हाद म्हणाले, "मंग तुमची तं कधीच भरनार नाई, भाऊ." सगळे हसले. भास्करभाऊसुद्धा हसले, म्हणे.

नियम कितीही वाकवतील, पण फासा पडायच्या आधी. एकदा फासा पडला की ते सरकार. जिंकत आलेली लढाई एका आकड्यानं गेली तेव्हा प्रल्हादनी हात जोडले, कादरभाईंनी बिर्याणी कबूल केली, पण आकडा हलला नाही.

आता घोड्यांचा नियम. रविवारी कुणाला येता आलं नाही, तर त्याच्या माणसाचं गोष्टीत काय करायचं? पुस्तकात समाधानकारक काही सापडेना. भास्करभाऊंनी ठरवलं: जो आला नाही तो मागे घोडे सांभाळतो. आणि घोड्यांना सोडून पुढे जायचं नाही, कारण एकदा कादरभाई घोडे विसरून गेले होते आणि सगळ्यांना वाळवंट पायी तुडवावं लागलं होतं. प्रल्हादची ड्यूटी लागली की त्यांचा योद्धा घोडे सांभाळायचा. पुढच्या रविवारी ते आले की गोष्ट पुढे सरकायची.

मागच्या वर्षी, पोळा तोंडावर असताना सुधीर गेले. छातीत कळ आली आणि बुलढाण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भास्करभाऊ तेराव्यापर्यंत रोज आले. अंगणातल्या खुर्च्या मांडायचे, संध्याकाळी उचलायचे. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

परवा कादरभाई घरी आले. बराच वेळ कपबशीशी चाळा करत राहिले.

"वहिनी, एक बात आहे. हसू नका. आम्ही नदीवर अटकून राह्यलो."

"कुठल्या नदीवर?"

"गोष्टीतल्या. सुधीरभाऊ गेले तवापासून. भास्करभाऊ म्हनतात, लखू घोड्यांपाशी हाये, त्याले सोडून पार जाता येत नाई. दर इतवारी खेळ सुरू झाला की आधी लखूचं सांगतात. आज त्यानं घोडे धुतले, आज नाल ठोकून घेतली, आज चाऱ्यावाल्याशी भांडला. मंग आमी चाय पेतो अन् घरी जातो."

"वर्षभर?"

"हाव. प्रल्हाद म्हने, भाऊ, आता लखूले मरू द्या. तं भाऊ म्हनले, ज्याचं पात्र त्याचा शब्द. तो नसंल तं त्याच्या घरच्यांचा. तुमी या, वहिनी. तुमी बोलल्याशिवाय हे नदी पार होत नाई."

कादरभाई गेले. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. माझ्या घरात वर्षभर सुधीरांचा टॉवेलसुद्धा वाळत पडलेला नव्हता, आणि तिकडे ते दर रविवारी चाऱ्यावाल्याशी भांडत होते. गेल्यावरही त्यांनी तिकडचाच रस्ता धरला होता. मी ठरवलं, जायचं आणि एका वाक्यात संपवायचं. लखू मेला. मग ज्याचं दुःख त्याच्या घरी.

रविवारी गेले. स्टुडिओच्या मागच्या खोलीत टेबल, लाल फडकं, तिघे जण. चौथी खुर्ची रिकामी होती आणि तिच्यापुढे चहाचा भरलेला कप होता. माझ्यासाठी असेल असं वाटून मी उचलला, तर भास्करभाऊंनी दचकून दुसरा कप मागवला. मी त्या खुर्चीत बसले.

"बोला, वहिनी," भास्करभाऊ म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, परत वर केला. "तुमचा शब्द तो लखूचा शब्द. मी काही बोलनार नाई."

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण त्यांच्याकडे बघितलं आणि ते वाक्य मला बाहेर काढता येईना. धाडच्या मुलासारखे त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"नदीला पाणी किती आहे?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "पूर हाये. लय."

"मग लखू घोडे घेऊन आधी पलीकडे जाऊ दे. बाकीचे मागून येतील."

प्रल्हाद उगाच खिशातली शिट्टी चाचपत राहिले. भास्करभाऊंनी फडकं सोडलं, पानं चाळली, पुस्तक मिटलं. "येते जाता," ते म्हणाले. "पन पूर हाये. फासा टाकावा लागंन. बारा तरी पडाले पाह्यजे."

फासा हातात घेतला तेव्हा तो एका बाजूला गुळगुळीत लागला. सुधीरांच्या अंगठ्यानं झिजलेला असावा, की भास्करभाऊंच्या, कुणास ठाऊक. मी तो टाकला. टेबलावर गरगरला आणि थांबला.

तीन.

कादरभाईंनी छताकडे बघितलं. प्रल्हादनी दाराकडे. मी भास्करभाऊंकडे बघितलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढला होता आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत होते, पुसतच होते.

"मले चष्म्याबिगर दिसत नाई," ते मान वर न करता म्हणाले. "किती पडले, वहिनी?"

"वीस," मी म्हणाले.

"वीस," ते म्हणाले, आणि त्यांनी फासा न बघता उचलून मुठीत घेतला. "लखू पार झाला. घोडेबी. एकाचाबी पाय घसरला नाई."

नंतर बाकीचे नदीत उतरले. मला त्यातलं फार कळलं नाही. निघाले तेव्हा भास्करभाऊ पायरीपर्यंत सोडायला आले. चष्मा अजून हातातच होता.

"वहिनी, एक इचारू? आमच्याजवळ तं फक्त रविवारच होता. बाकीचे सहा वार तुमचेच. घरी काय काय बोलायचा हो तो?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "गप्प असायचे."

"गप्प? सुधीर?" ते हसले, मग थांबले. माझ्याकडे बघत राहिले, जसं मी वर्षानुवर्षं त्यांच्या दाराकडे बघत आले होते.

"मंग तो गप्प कसा बसायचा," ते म्हणाले, "ते तरी सांगा."

मी परत आत जाऊन बसले. समोरच्या खुर्चीत बसून भास्करभाऊंनी चष्मा डोळ्यांवर नीट चढवला, जणू ऐकायलाही तो लागतो.