निम्मा पगार

लेकीच्या फी-सवलतीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या त्या बापाला राग यायचंही त्राण उरलं नव्हतं. पहिल्यांदा आयकर विवरणपत्राची प्रत जोडली नव्हती, दुसऱ्यांदा जोडली तर तिच्यावर सही नव्हती. आता सगळं यथासांग होतं, तरी शेरा आला होता, 'उत्पन्नात तफावत'. सवलत मिळाली नाही तर लेकीचं कॉलेज बंद, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

कॉलेजच्या कचेरीत पडताळणीच्या बाईंनी खुलासा केला. त्यांनी खात्री करायला घरी फोन केला होता. तो घेतला अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, आणि मुलाचा पगार कागदावर होता त्याच्या दुप्पट सांगितला. वर मुलगा दुकानात मॅनेजर असल्याचंही सांगून टाकलं. बाईंचं म्हणणं सरळ होतं. वडिलांना घेऊन आज पाचच्या आत या, नाहीतर यादी बंद होईल.

तो घरी गेला, अण्णांना इस्त्रीचा सदरा घालू दिला, कारण त्याशिवाय ते उंबरठा ओलांडत नसत, आणि त्यांना घेऊन धापा टाकत परत आला. वाटेत त्याने त्यांना काहीच विचारलं नाही. विचारणार काय, कपाळ? पगाराचा तो आकडा आणि ते मॅनेजरपद अण्णांना त्यानेच सांगितलं होतं, म्हाताऱ्या जिवाला घोर नको म्हणून. पुढे दरवर्षी त्यात थोडी वाढही द्यावी लागली होती.

बाईंनी अण्णांना फोनवरचं पुन्हा विचारलं. अण्णा ताठ बसून म्हणाले, "त्यानंच सांगितलंय मला. माझा मुलगा माझ्याशी खोटं कशाला बोलेल?"

बाईंनी चष्मा काढून मुलाकडे पाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि लेक घरी वाट बघत होती.

"कागदावरचंच खरं आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "अण्णांना मी वाढवून सांगितलं. मॅनेजरही नाहीये मी."

बाईंनी सुस्कारा सोडला. त्यांना अण्णांचा लेखी जबाब हवा होता, आणि असं मन मोडणारं काही एखाद्या म्हाताऱ्याकडून लिहून घ्यायची त्यांची इच्छा दिसत नव्हती. अण्णांनी मात्र स्वतःच कागद ओढला आणि न थांबता लिहिलं, 'मुलगा सांगतो त्याच्या निम्मा पगार धरावा.'

"शाळेत मार्क सांगायचा तेव्हापासून मी निम्मेच धरतो," ते बाईंना म्हणाले. "कधी चुकलं नाही."

बाईंनी आकडेमोड करून पाहिली. जुळलं. हसू दाबत त्यांनी शिक्का मारला आणि सवलत मंजुरीला पाठवली.

जिन्यात आल्यावर तो थांबला. विचारल्यावाचून राहवेना. "अण्णा, तुम्हाला सगळं माहीत होतं, मग फोनवर दुप्पट कशाला सांगितलंत?"

"अरे, जी गोष्ट तू मला सांगत नाहीस," अण्णा कठड्याला धरून म्हणाले, "ती मी परक्या बाईला कशी सांगू?"

अण्णा पुढच्या पायरीवर उतरून त्याची वाट बघत उभे राहिले.