वादळाची आत्या

एका जंगलाला समुद्र लागून होता. खरं म्हणजे समुद्रालाच जंगल लागून होतं, कारण समुद्र आधीचा. पण बाळांनो, असं तिथं मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. तिथला राजा बिबट्या होता आणि आपल्या राज्यात आपल्याआधीचं काही असावं हे त्याला मुळीच खपत नसे. या बिबट्याला सगळे वाघ म्हणत. त्याच्या अंगावरचे ठिपके दाखवून देणारा एक कोल्हा पूर्वी होता. आता नाही.

जंगलाच्या मधोमध टेकडी होती. टेकडीवर राजा, राजाचे दरबारी आणि करवंदाच्या जाळ्या. खाली खाडी, आणि खाडीला लागून सखल, चिखलट जमीन. तिला खाजण म्हणत. ज्यांना टेकडीवर जागा मिळत नसे ते खाजणात राहत. म्हणजे जवळजवळ सगळेच.

येसू मुंगशीचं बीळ खाजणातच होतं. शेजारी सगुणा सशीण. ऐन वैशाखात येसूला तीन पिल्लं झाली. दोन मुली आणि एक मुलगा. मुलगा इतका बारीक की आहे ना जागेवर, म्हणून येसू त्याला सारखी हुंगून बघायची. त्याचं नाव तिनं मनातल्या मनात ठरवून ठेवलं होतं. जिवबा. तिच्या बापाचं नाव. पण बारशाआधी नाव फोडायचं नसतं, म्हणून ती गप्प होती.

आता त्या जंगलाचा एक नियम सांगतो. नीट ऐका, कारण नियम न ऐकणाऱ्याचं तिथं काही खरं नव्हतं.

पूर्वी आभाळ काळं झालं की अख्खं खाजण टेकडीवर धावायचं. अंगं झटकायचं, पोरं रडायची, राजाची दुपारची झोप मोडायची. एकदा तर ढग आला, आणि न पडताच निघून गेला. वर आलेल्या मंडळींनी मात्र तेवढ्यात राजाची करवंदं खाऊन घेतली. राजा खवळला. दरबार बसला. पुष्कळ खल झाला आणि ठरलं, की यापुढे ज्या वादळाला नाव असेल त्याच वादळाला भ्यायचं. बिननावाच्या पावसाला भिऊन टेकडी चढणं हा गुन्हा.

आणि नाव काय असं कुणीही उठून ठेवायचं नव्हतं. रीतसर बारसं व्हायला हवं. आधी समुद्राच्या कडेला उभ्या असलेल्या बगळ्यानं बघायचं, की ढगानं पुरती गिरकी घेतली आहे आणि मधोमध डोळा उघडला आहे. मग सुरूच्या दोन झाडांमध्ये पाळणा बांधायचा. घुगऱ्या शिजवायच्या. मग आत्यानं पुढं होऊन नाव ठेवायचं. वादळाचा बाप वारा, म्हणजे आत्या कोण? वाऱ्याची बहीण. ते मानाचं पद दरबारानं घारीला दिलं होतं. घार ज्येष्ठ लागला की यायची, कारण वादळांचा हंगाम ज्येष्ठात सुरू होतो असं दरबारात ठरलेलं होतं.

वादळांना मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

वैशाख संपायच्या आधीच एके दिवशी समुद्रावर काळं काहीतरी जमलं. हवा घट्ट झाली. येसूचं अंग उगीच शहारायला लागलं. तेवढ्यात दरबाराचा कावळा ओरडत गेला, "ऐका हो ऐका! समुद्रात काहीतरी आहे. त्याचं काहीतरी होईल किंवा होणार नाही. सर्वांनी सावध राहावं, पण घाबरू नये. सावध राहताना जागचं हलू नये!"

येसू बगळ्याकडे गेली. बगळा एका पायावर उभा होता. त्याला चांगलं दिसायचं, अगदी लांबचं दिसायचं. पण त्याला दिसणार ते आणि त्यानं सांगायचं ते, यांच्या मध्ये दरबार होता.

"बगळेदादा, ते काय आहे हो?"

"हालचाल आहे."

"वादळ आहे का?"

"गिरकी पाऊण झाली आहे. डोळा उघडलेला नाही." बगळ्यानं मान लांब केली. "शिवाय हंगाम सुरू व्हायचाय. हंगामाआधी जे येतं त्याला वादळ म्हणत नाहीत, येसूबाई. ती नुसती चौकशी."

"पण पाऊस पडेल ना?"

"पडेल की. पुष्कळ पडेल. ढग पुढं सरकत नाहीये, किनाऱ्याला चिकटून बसलाय. टेकडीचं सगळं पाणी खाजणात येणार, आणि भरतीच्या वेळी खाडी ते समुद्रात जाऊ देणार नाही. पण पाऊस वेगळा नि वादळ वेगळं. माझ्याकडे वादळाचं काम आहे."

"मग पावसाचं काम कुणाकडे आहे?"

बगळ्यानं पाय बदलला. हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, तो थांबेचना. वारा फारसा नव्हता. झाडं मोडत नव्हती, काही उडून जात नव्हतं. नुसतं पाणी पडत होतं. दरबार टेकडीवरच्या गुहेत बसला होता आणि घार नाही तर आत्या म्हणून कुणाला उभं करायचं यावर बोलणी चालली होती. पाकोळी म्हणाली, मी वाऱ्याची मानलेली बहीण. वटवाघूळ म्हणालं, मग मी कोण? घुगऱ्या मात्र शिजल्या होत्या. त्या दरबाऱ्यांनी खाऊनही टाकल्या.

खाली येसूच्या बिळात पाणी शिरलं.

आधी तिनं मातीचा बांध घातला. तो गेला. मग तिनं पिल्लं बिळाच्या वरच्या कोपऱ्यात ढकलली. पाणी तिथंही आलं. येसूनं एक पिल्लू तोंडात धरलं आणि बाहेर आली, तर बाहेर जमीनच दिसेना. पिल्लं तीन आणि तोंड एक. ती एकीला उंबराच्या मुळावर ठेवून परत आत शिरे, दुसरीला आणी, तेवढ्यात मूळ बुडायला लागे. बाळांनो, तेव्हा त्या आईला काय झालं असेल ते मी सांगत नाही. तुमच्या आया जवळ असतील तर त्यांना विचारा.

"येसू गो!" सगुणा सशीण पाण्यातून उड्या मारत आली. "दे इकडं. दोघींना घाल माझ्या पाठीवर. धाकट्याला तू धर."

"अगो, नियम?"

"नियमाला पोहता येतं. आपल्याला येत नाही."

दोघी निघाल्या. त्यांच्या मागं घुशी, साप, कोल्ह्याची विधवा, उंदरांची अख्खी आळी. टेकडीच्या वाटेवर दाजी रानडुक्कर पहाऱ्याला उभा होता. दाजी वाईट नव्हता. पण सांगितलेलं करायचा, आणि नेमकं तेवढंच करायचा.

"थांबा," तो म्हणाला. "वादळाला नाव आहे?"

"दाजी, पाणी बघा खाली."

"पाणी बघितलं. नाव विचारतोय."

येसूनं धाकट्याला त्याच्या पायाशी ठेवलं. पिल्लू थंडगार पडलं होतं. "ह्याचंही बारसं व्हायचंय. डोळेही उघडले नाहीत. म्हणून काय हा नाही का?"

दाजीनं वाकून पिल्लाकडं बघितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. "आहे की नाही ते मी कसं सांगू, येसूबाई? मी पहारेकरी."

पाणी मागच्या रांगेतल्या उंदरांच्या पोटाला लागलं. कुणीतरी घसरलं, किंचाळलं, आणि मग तो आवाज आला नाही. येसूनं एकदा मागं बघितलं, एकदा पिल्लाकडं. आणि तिनं मागचे दोन पाय टेकून, उभं राहून, तोंड आभाळाकडं केलं.

"कुर्रर्र!" ती ओरडली. "जिवबा!"

सगळे चपापले.

"हे काय?" दाजी म्हणाला.

"बारसं झालं. वादळाचं नाव जिवबा."

"ठेवलं कुणी?"

"आत्यानं. मी वाऱ्याची बहीण."

"तू?"

"नाही म्हणून सांगायला वारा येतोय का बघा."

दाजीनं बराच विचार केला. वाऱ्यानं हरकत घेतली नाही. "कानात सांगायला हवं होतं," तो पुटपुटला.

"कान दाखवा, सांगते."

दाजी बाजूला झाला. सगळं खाजण टेकडी चढलं. येसूनं धाकट्याला पोटाशी धरून इतकं चाटलं, की शेवटी तो चिडून ओरडला. तिला रडू आलं. तिथं उभं राहून ती मनसोक्त रडली.

पाऊस थांबला, पाणी ओसरलं, आणि येसूला दरबारात उभं केलं.

राजा गुरगुरला, "हिला शिक्षा करा." पण प्रधान वानर शहाणा होता. तो राजाच्या कानाशी लागला. "महाराज, नाव खोटं ठरवलं तर वादळ आलंच नाही. मग अख्खं खाजण गुन्हेगार. एवढ्यांना डांबायचं कुठं? आणि नाव खरं ठरवलं तर वादळ आलं, नाव पडलं, मग सगळे चढले. नियम तंतोतंत पाळला गेला. आपलीच वाहवा."

"आणि जे वाहून गेले ते?"

"नाव पडण्याआधी गेले, महाराज. ते वादळात गेले असं म्हणता येत नाही. ते आपापले गेले."

राजाला हे पटलं. येसूला राजआत्या करण्यात आलं. तिला टेकडीवर करवंदाच्या जाळीखाली कोरडं, ऐसपैस बीळ मिळालं. अट एकच. यापुढं बगळ्यानं गिरकी पुरती झाल्याचं सांगावं, दरबारानं मान डोलवावी, मगच आत्यानं तोंड उघडावं. आणि हो, एकदा वादळाला दिलेलं नाव दुसऱ्या कुणाला ठेवायचं नाही, असाही एक जुना नियम निघाला. त्यामुळे धाकट्याचं बारसं राहूनच गेलं. सगळे त्याला 'ए' म्हणत.

येसूला सुरुवातीला झोप लागत नसे. मग लागायला लागली. कोरड्या जागेचा तो गुणच आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा वैशाखात समुद्रावर काळं जमलं. पुन्हा किनाऱ्याला चिकटून बसलं आणि पडायला लागलं. बगळ्याचा निरोप आला, गिरकी पाऊण. येसू बिळाच्या तोंडाशी बसून पावसाकडं बघत होती. तेवढ्यात वाटेवरून सगुणा सशीण आली. भिजून चिंब. तोंडात एक इवलंसं पिल्लू. तिनं ते दाजीच्या पायाशी ठेवलं आणि वर बघून हसली. तिला वाटलं, आता काय, ओळखीचीच आत्या आहे.

"येसू गो, बाकीची खाली आहेत. पाणी शिरलंय. लवकर नाव ठेव."

"गिरकी पुरती नाही गो," येसू म्हणाली.

"मागल्या वर्षीही नव्हती."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता माझ्या हातात काही नाही."

"हात कुणी मागितलाय? तोंड उघड."

सगुणाच्या पाठीवर चिकटलेल्या आपल्या दोन मुली तिला आठवल्या. मग तिला आत झोपलेल्या त्याच मुली दिसल्या, आणि त्यांच्याखालची कोरडी माती. तिनं सगुणाच्या डोक्यावरून पलीकडं बघितलं.

"सगुणाबाई," ती म्हणाली, "नाव आहे का त्याला?"

सगुणानं पिल्लू उचललं आणि खाली राहिलेल्यांकडं परत निघाली. येसूच्या मागं धाकटा येऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं ऐकलं. पण त्याला नाव नव्हतं, त्यामुळे तो तिथं होता असं म्हणता येत नाही.

तात्पर्य: बाळांनो, संकटात जो नियम मोडून सगळ्यांना वाचवतो, त्याला कधी शिक्षा करू नये. त्याला टेकडीवर कोरडं घर द्यावं. पुढचे नियम तोच पाळून घेतो.