गुणाबाईचा एकशे बारावा धडा

सुनिल सर तपासणीला येणार त्याच सकाळी नाहीद मॅडमचा आवाज पार बसला. आदल्या दिवशी कबड्डीच्या सामन्यात त्या शाळेच्या पोरींसाठी इतक्या ओरडल्या होत्या, की आता तोंडातून नुसती हवा निघत होती.

धानोऱ्याजवळच्या त्या सातवीपर्यंतच्या शाळेत भिंतीवरचा मोठा टीव्ही चालवत त्या एकट्याच. तीन वर्षांपूर्वी सुनिल सरांनी तालुक्याला पाच दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. मुख्याध्यापक खुशाल गुरुजीही त्याला गेले होते, पण परत आल्यापासून त्यांनी टीव्हीला हात लावला नव्हता. "मॅडम, तुमी करा. मले नाई जमत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रशिक्षण घेतलेले शिक्षक आजही ते वापरतात का, हेच पाहायला सुनिल सर निघाले होते.

नाहीद मॅडमनी पाटीवर लिहिलं, "आज तुम्ही शिकवा. अपूर्णांकाचा धडा तुमच्या फोनवर पाठवला आहे."

"अहो, माह्यी नोकरी आता दोनच वर्षं राह्यली!" गुरुजींना घाम फुटला. "आता काऊन फजिती करून राह्यले?"

तेवढ्यात दाराशी मोटरसायकल थांबली. सुनिल सर आले, मुलांना नमस्कार करून मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी वही उघडली.

गुरुजींनी तारेनं फोन टीव्हीला जोडला. तो एका झटक्यात जोडला गेला, याचं नाहीद मॅडमना जरा नवल वाटलं. मग त्यांनी फोनमध्ये 'अपूर्णांक' शोधलं. दोन व्हिडिओ आले. घाईघाईत बोट दुसऱ्यावर पडलं.

पडद्यावर गुरुजींचं स्वयंपाकघर उमटलं. बनियनवर उभे गुरुजी आणि समोर मोहफुलं निवडत बसलेली त्यांची बायको, गुणाबाई.

"टोपल्यातल्या फुलायचे चार हिस्से केले," पडद्यावरचे गुरुजी म्हणाले. "तीन सुकवले. किती राह्यला?"

"काईच नाई."

"काऊन?"

"एक हिस्सा बकरीनं खाल्ला. तुमीच दार उघडं ठेवलं होतं."

वर्गात हशा पिकला. गुरुजींनी व्हिडिओ बंद करायला बटण दाबलं, तर आवाज दुप्पट झाला.

"गुणे, नीट उत्तर दे! सुनिल सर कधी आले, अन् मी विसरलो असन तं?"

"मंग वर्गात काऊन नाई शिकवत? रोज मलेच पकडता!"

गुरुजींनी शेवटी तार उपटली, पण त्याआधी पडद्यावर व्हिडिओंची यादी येऊन गेली होती. त्यात सगळ्यात वर लिहिलं होतं, 'धडा एकशे बारा'. तीन वर्षं गुरुजी प्रत्येक धडा घरी बायकोला शिकवून पाहत होते, रेकॉर्ड करून स्वतःच्या चुका शोधत होते आणि शाळेत मात्र हात मागे घेत होते. नाहीद मॅडम बिनआवाजाचं हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

सुनिल सर उठून पुढे आले. "गुरुजी, मग वर्गात का नाही?"

"भेव वाटे." गुरुजींनी मान खाली घातली. "प्रशिक्षणात मी भलतंच बटण दाबलं, तं सारा हॉल हासला. तुमी एकटे नाई हासले. माह्या बोटाले धरून पुन्हा करून घेतलं. म्हणून सोडलं नाई मी. तुमचे उपकार मानायचे होते, पन कोनत्या तोंडानं?"

सुनिल सरांनी वही मिटली. "बऱ्याच शाळांत टीव्हीवर चादर पाहून आलो, गुरुजी," ते म्हणाले. "उपकार तर तुम्ही माझ्यावर केलेत. आता तार लावा, आणि तो बकरीचा हिशेब पुरा करा."

गुरुजींनी तासभर शिकवलं. दोनदा चुकले, आणि दोन्ही वेळा मुलांनीच दुरुस्त केलं.

संध्याकाळी गुणाबाईला मात्र त्यांनी दाराबाहेरूनच सगळं सांगितलं.

"साऱ्या शाळेनं पाह्यलं?" तिनं विचारलं.

"हो."

"बकरीवालं?"

"हो. सरांनी तुह्ये आभार मानले. म्हणाले, बाईनं तीन वर्षं धीर धरला."

गुणाबाईनं सुस्कारा सोडला आणि हात जोडले.

"त्यायचं भलं होवो. आता उद्यापासून तुमी पोरायलेच शिकवा. पाचवीपावतर ठीक होतं, सहावीचं मले जड जाऊन राह्यलं."