सान इसिद्रोची शेगडी

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मेक्सिकोतल्या वाहाका शहराच्या सान इसिद्रो वस्तीतल्या वृद्धांच्या जेवणघरात फोन वाजला. बिर्गिट नावाची डॅनिश बाई एक वाजता, अजिबात न कळवता, पाहणीला येणार आहे, असं तिच्या लॉजच्या मालकिणीनं कळवलं.

"न कळवता येणार, हे तुला कुणी सांगितलं?" ओतिलियाबाईंनी विचारलं.

"तिनंच. कुण्णाकुण्णाला सांगू नका म्हणाली. म्हणून फक्त तुम्हाला सांगतेय, बाई."

ओतिलियाबाई निवृत्त शिक्षिका, आता हे जेवणघर चालवायच्या. निम्मी वस्ती त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे सगळ्यांच्याच त्या बाई. बिर्गिटच्या प्रवासी क्लबचा नियम असा की सभासद ज्या देशात फिरतील तिथल्या एका खात्रीच्या संस्थेला मदत करायची, पण आधी चौदा प्रश्नांचा अर्ज भरून. त्या आठवड्यात दोन संस्था बाद झाल्या होत्या. पहिलीला पाटी होती, माणसं नव्हती. दुसरीच्या भिंतीवरची मुलं बिर्गिटनं आधी तिसऱ्याच देशातल्या एका भिंतीवर पाहिली होती. जेवणघर हे यादीतलं शेवटचं नाव होतं आणि तिची बस साडेतीनची होती.

जेवणघराला शेगडी हवी होती. असलेल्या शेगडीचे तीन बर्नर बंद पडले होते, चौथ्यावर साठ म्हाताऱ्यांचं जेवण शिजत होतं. महिनाअखेरपर्यंत नवी मिळाली नाही तर जेवणघर बंद करायचं, असं ठरलं होतं.

"एर्मेलिंदा, काहीही आवरायचं नाही," बाईंनी स्वयंपाकिणीला बजावलं. "शेगडी आहे तशी दिसू दे. भिंतीवरची काजळीसुद्धा पुसायची नाही. कळलं?"

"बरं, बाई."

सान इसिद्रोत वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत; बरं म्हणतात आणि आपल्याला हवं ते करतात. तिथंच चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईंना हे ठाऊक असायला हवं होतं. पण संस्थेच्या नोंदणीचा दाखला आणायला त्या घाईघाईनं बाहेर पडल्या.

त्या कोपऱ्यावर वळल्या तशी एर्मेलिंदानं कासिमिराला फोन लावला. कासिमिरा लग्नाची जेवणं करायची आणि एर्मेलिंदाच्या मुलीची धर्ममाता होती, म्हणजे दोघी कोमाद्रे. या नात्यात कशालाही नाही म्हणता येत नाही.

"कोमाद्रे, परदेशातनं पाहुणी येतेय. आणि मी तिला ही शेगडी दाखवू?"

"मेलीस तरी दाखवू नकोस. माझी पाठवते. चारला परत हवी मात्र, संध्याकाळचं लग्न आहे."

बारा वाजता टेम्पोतून सहा बर्नरची चकचकीत शेगडी आणि तिच्यामागून कासिमिरा उतरली. जुनी उचलून फुटपाथवर ठेवली गेली. चर्चमधून टेबलक्लॉथ आले. मागच्या गल्लीत बारसं होतं, तिथून मोले नावाचा दाट मसालेदार रस्सा आणि कोंबडी आली. जेवायला आलेल्या म्हाताऱ्यांना आंघोळ करून, चांगले कपडे घालून यायला घरी पिटाळलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा फिदेन्सिओ काळा सूट घालून आला. तो त्यानं स्वतःच्या अंत्यविधीसाठी शिवून ठेवला होता.

"आज घातलास?" एर्मेलिंदानं विचारलं.

"अंगात बसतो का बघायला नको? त्या दिवशी कुणाकडे तक्रार करू?"

बिर्गिट एकाऐवजी बारा चाळीसलाच आली. बाई दाखला घेऊन बारा पंचावन्नला पोचल्या तेव्हा ती मोलेची दुसरी ताटली संपवत होती आणि डाव्या हाताशी अर्ज उघडा होता. बाईंनी शेगडी पाहिली. मग एर्मेलिंदाकडे पाहिलं. एर्मेलिंदा छताकडे पाहत होती.

"तुमचं स्वयंपाकघर माझ्या घरापेक्षा चांगलं आहे," बिर्गिट चांगल्या स्पॅनिशमध्ये म्हणाली. "तुम्हाला मदत नक्की कशासाठी हवीय?"

"शेगडीसाठी," बाई म्हणाल्या.

बिर्गिटनं सहा निळ्या ज्योती मोजल्या.

"ही उसनी आहे," बाईंनी सांगून टाकलं. "टेबलक्लॉथ उसने, कोंबडी उसनी. फिदेन्सिओ, तुझा सूट?"

"माझाच आहे. पण वापरायचा नव्हता."

"म्हणजे तुम्ही सगळं माझ्यासाठी मांडलंत," बिर्गिट सावकाश म्हणाली. "मी येणार हे तुम्हाला कळलं होतं. गरीब असल्याचं नाटक मी पुष्कळदा पाहिलंय. हे नवीन आहे. खरी शेगडी दाखवा."

सगळे बाहेर आले. फुटपाथवर काही नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडून भंगारवाल्याच्या भोंग्यातला छोट्या मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज येत होता. गाद्या, फ्रिज, शेगड्या, जुनंपानं काहीही विकणाऽऽर...

"मीच त्याला हात केला," कासिमिरा दारातून म्हणाली. "म्हटलं, तुमची अडगळ गेली."

चार वाजता कासिमिराची शेगडी गेल्यावर जेवणघरात एकही बर्नर उरणार नव्हता. बिर्गिटनं अर्जावर स्वयंपाकघराबद्दल लिहिलेली ओळ खोडली.

बाई, एर्मेलिंदा आणि बिर्गिट एकाच रिक्षात कोंबून बसल्या. रिक्षावाल्यानं आवाजाच्या मागं गाडी काढली आणि पाच मिनिटांत चुकीच्या भंगारवाल्याला गाठलं. शहरातले सगळे भंगारवाले एकच रेकॉर्डिंग वाजवतात. दुसरा आवाज चढावरून येत होता, तिसरा नदीकडून.

"नदीकडं घे," बाई म्हणाल्या.

"बाई, नदीकडं रस्ता खोदलाय."

"तुला नऊचा पाढा येत नव्हता तेव्हाही तू अशीच कारणं द्यायचास. घे."

पावणेदोन वाजता पुलाजवळ निकांद्रो नावाच्या भंगारवाल्याचा ट्रक सापडला. त्यात पाच शेगड्या होत्या.

"ती मधली आमची," एर्मेलिंदा म्हणाली.

"काल एकीनं फ्रिज आमचा म्हणून नेला, ताई. संध्याकाळी खरी मालकीण आली, माझ्या आईचा उद्धार करून गेली. कागद आहे?"

बाईंनी सरकारी शिक्क्याचा दाखला पुढं केला. निकांद्रोनं तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"यात शेगडी कुठंय?"

"हे संस्थेचं आहे. आम्ही प्रामाणिक आहोत याचं."

"मग शेगडीही मिळवा सरकारकडून. नाहीतर कुणी तिऱ्हाईत सांगू दे, तुम्हाला ओळखणारं."

तिघांनीही बिर्गिटकडं पाहिलं.

"मी यांना पासष्ट मिनिटं ओळखते," ती म्हणाली.

"माझ्यापेक्षा साठ जास्त. यांच्यावर तुमचा विश्वास आहे का? हो की नाही? मला अजून चार गल्ल्या करायच्यात."

अर्जातला चौदावा प्रश्न नेमका हाच होता. त्याचं उत्तर बिर्गिट रात्रभर विचार करून देत असे. तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं. बाईंनी दाखल्याची सुरळी इतकी घट्ट आवळली की शिक्का चुरगळला. एर्मेलिंदाचं मात्र कुणाकडंच लक्ष नव्हतं. ती ट्रकवर चढली होती आणि परक्या बाईनं पाहू नये म्हणून एप्रनच्या टोकानं शेगडीची काजळी घाईघाईनं पुसत होती.

"हो," बिर्गिट म्हणाली. "तीच यांची शेगडी आहे."

निकांद्रोनं वही पुढं केली. त्यानं सांगितलं तसं तिनं लिहिलं: मी या बायकांना ओळखते आणि त्यांची हमी घेते. खाली सही केली.

शेगडी ट्रकमधूनच परत आली. रिक्षात बिर्गिट अर्जाच्या मागच्या पानावरचे नियम वाचत होती. जेवणघराच्या दारात ती म्हणाली, "एक अडचण झालीय. ज्या सभासदानं एखाद्या संस्थेची हमी घेतली असेल, त्याला त्या संस्थेची तपासणी करता येत नाही. माझा अर्ज रद्द झाला."

"मग?" बाईंचा आवाज पडला.

"दुसरं कुणीतरी यायला लागेल. कोण, कधी, ते क्लब ठरवणार." तिनं कोपनहेगनला फोन लावला. कार्यालय बंद झालेलं होतं. तिनं निरोप ठेवला.

एर्मेलिंदानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे बाई, आता ही पाहुणी नाही?"

"नाही. आता ती आपली जामीन आहे."

"मग हिला एप्रन द्या."

साडेतीनची बस वेळेवर सुटली. चारला कासिमिराची शेगडी गेली. संध्याकाळी पाचपर्यंत क्लबचं उत्तर आलेलं नव्हतं. जुन्या शेगडीच्या एकुलत्या बर्नरवर उद्याचा काळा घेवडा चढवला होता आणि बिर्गिट तो ढवळत होती. ती चुकीच्या दिशेनं ढवळतेय, असं एर्मेलिंदाचं म्हणणं होतं.