रघुनाथरावांच्या नावाचा दिवस

आमचे शेजारी डॉ. रघुनाथ सामंत न बोलावता लोकांच्या घरी जातात. चुकून नाही हं, ठरवून. अंगात कोट, हातात तीन फुलं. दारात उभं राहून एवढंच म्हणतात, "आज तुमच्या नावाचा दिवस आहे." मग आत येऊन बसतात आणि चहा झाल्याशिवाय उठत नाहीत.

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीत हे धाडसाचंच काम. इथे सख्ख्या भावाकडे जायचं तरी पंधरा दिवस आधी मेसेज टाकतात आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारतात, नक्की ना म्हणून. तीन घरं पलीकडे पीटर नावाचा प्लंबर राहतो, आडदांड, दोन्ही दंडांवर गोंदवलेला. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, म्हातारा देवाधर्माची पत्रकं वाटायला आलाय. "नॉट टुडे, मेट," म्हणून त्याने दार लावून घेतलं. रघुनाथराव शांतपणे पायरीवर बसले. अर्ध्या तासाने त्याने पडदा सारून पाहिलं, तर हे तिथेच, फुलं मांडीवर. आता त्या दिवशी पीटर कामावरून लवकर येतो आणि केक आणून ठेवतो.

ही सगळी पद्धत लाट्व्हियाची. लाट्व्हिया म्हणजे बाल्टिक समुद्राच्या काठचा एक चिमुकला देश, त्याच्या खाली लिथुआनिया. लाट्व्हियाच्या कॅलेंडरात रोजच्या तारखेखाली माणसांची नावं छापलेली असतात, आपल्याकडे तिथी असते तशी. ज्याचं नाव त्या दिवशी, त्याच्याकडे लोक जातात. बोलावणं मात्र करायचं नाही. घरच्याने काहीतरी करून ठेवायचं आणि दार उघडं टाकायचं. ज्याला आठवण असेल तो येतो.

"आणि नाही आलं कोणी तर?" मी एकदा विचारलं होतं.

"तर कळतं," रघुनाथराव म्हणाले, "आपण कोणाच्या लक्षात आहोत ते."

आता मालवणच्या माणसाचा लाट्व्हियाशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. ते तरुणपणी इथे आले आणि युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत चिकटले. तिथे तळघरात लिथुआनियन आणि लाट्व्हियन पुस्तकांची कपाटं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बोटीने आलेल्या तिकडच्या लोकांनी मरताना देऊन टाकलेली. कोणी हात लावत नव्हतं. यादी करायचं काम यांच्या गळ्यात पडलं. दुसरा असता तर त्याने पुस्तकं मोजली असती आणि मोकळा झाला असता. हे म्हणाले, "यादी करायची तर आत काय आहे ते कळायला नको?" आणि दोन्ही भाषा शिकले. पंचावन्नाव्या वर्षी पीएचडी करून डॉक्टर झाले. मी सातवी पास. पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून. त्यामुळे असा वेडेपणा मला आतून कळतो.

लायब्ररीने टाकून दिलेली कार्डांची लाकडी कपाटं त्यांनी घरी आणली आणि जागा नाही म्हणून स्वयंपाकघरात ठेवली. त्यांची बायको मालती माझी जिवाची मैत्रीण. तिने गुपचूप अर्धे खण बळकावले. अजून त्यांच्याकडे 'लिथुआनिया : लग्नविधी' हा खण उघडला की मोहरी निघते. मालती जाऊन सात वर्षं झाली, पण त्यांनी ना पट्टी बदलली ना मोहरी हलवली.

त्यांच्या तोंडी सदा एकच, "पुरावा?" मी म्हटलं आज गारठा आहे, तरी पुरावा! माझ्या सुनेने, मीनलने, त्यांच्या वाढदिवसाला बारा गुलाब नेले. त्यातलं एक उपसून त्यांनी तिच्या हातात परत दिलं. "जोडीच्या आकड्यात फुलं फक्त मेलेल्याला. मी अजून आहे."

"अहो, आपल्याकडेही तसंच की," मी म्हटलं. "सवाष्णी पाच, मोदक एकवीस."

त्यांचे डोळे असे चमकले! लगेच खिशातून कार्ड काढून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं : "माहिती देणारी सुमनवहिनी, सातवी पास, विश्वसनीय." मीनल तोंड फिरवून हसली. मला मात्र आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात असं सर्टिफिकेट दिलं नव्हतं.

एकदा आपल्या मंडळींच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांना दहा मिनिटं बोलायला दिली. लावणी आणि जेवण यांच्या मध्ये! निवेदकाने सांगितलं, "आता सामंतकाका रशियातल्या भाषांवर बोलतील." झालं. काकांनी माईक हातातच घेतला नाही. "रशियातल्या नाहीत. दुरुस्त करा." निवेदक म्हणाला, "काका, तिकडचंच ना सगळं?" "तुम्ही नागपूरचे. तुम्हाला लखनौचं म्हटलं तर चालेल? तिकडचंच ना सगळं?" दुरुस्ती झाली, मग बोलले. रशियाने एका रात्रीत तिकडची घरंच्या घरं मालगाड्यांत भरून सायबेरियाला कशी नेली, आणि तिथे बर्फात बायकांनी नावांचे दिवस कसे पाळले, कॅलेंडर नसताना, बोटांवर मोजून. वीस मिनिटं बोलले. बटाटेवडे गार झाले, पण एक माणूस उठला नाही.

तर यंदा एप्रिलमध्ये ते एक जाडसा गठ्ठा घेऊन आले. नावाच्या दिवसाची प्रथा परदेशात कशी टिकते, यावरचा त्यांचा शेवटचा मोठा लेख. आधी इंग्रजीत लिहिलेला, माझ्यासाठी मराठी केलेला. "वहिनी, चुका काढू नका. कंटाळा कुठे येतो तिथे खूण करा."

मी रोज दुपारी थोडं थोडं वाचलं. मेलबर्नमधल्या लाट्व्हियन म्हाताऱ्यांची घरं, त्यांची आता फोन करून येणारी मुलं. कंटाळा कुठेच आला नाही. शेवटाकडे एक परिच्छेद होता. तो मी तीनदा वाचला. "ज्यांची नावं कॅलेंडरात नाहीत, अशा सर्वांसाठी बावीस मे हा दिवस राखलेला आहे. पूर्व मेलबर्नमधील एक यजमान (वय चौऱ्याहत्तर, विधुर, मूळ भारतीय) गेली सहा वर्षे त्या दिवशी नियमाप्रमाणे दार उघडे ठेवतो. अद्याप कोणी आलेले नाही. दार सातव्या वर्षीही उघडे राहिले आणि कोणी आले नाही, तर या परिसरात प्रथा संपली असे नोंदवावे लागेल."

माझा चष्माच धुरकट झाला. अहो, सहा वर्षं! आमची भिंतीला भिंत. दर मे महिन्यात, इकडे थंडी सुरू होते तेव्हा, त्यांचं दार उघडं दिसायचं आणि मी मीनलला म्हणायचे, "रघुनाथराव बघ, एवढ्या थंडीत घर हवेशीर करतायत."

मीनलला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, ग्रुपवर टाकू या ना! पन्नास लोक येतील. सरप्राइज!"

"खबरदार," मी म्हटलं. "मग ते बोलावणं झालं. बोलावलेली माणसं कशाला हवीत त्यांना? ती काय, त्यांनाही जमवता आली असती."

"पीटरला तरी सांगू या."

"तेही नाही. हा त्यांचा जन्माचा अभ्यास आहे. त्यात आपण खोटं घालायचं नाही."

म्हटलं खरं, पण पुढचा महिनाभर जीव थाऱ्यावर नव्हता. मी गेले तर ते चालेल का, हेही कळेना. मी तर लेख वाचलेली!

बावीस मे उजाडला तो वाऱ्याचा. सकाळपासून मी खिडकीशी. पलीकडचं दार सताड उघडं. कुरिअरवाला आला, तोही पायरीवर खोकं ठेवून, फोटो काढून गेला. पीटरची गाडी आली, त्याने हात केला आणि तो सरळ घरात गेला. तीन वाजले. मी लोणच्याची बरणी उचलली, शाल घेतली आणि निघाले.

आत हीटरचा काही उपयोग नव्हता, सगळी ऊब दारातून चाललेली. रघुनाथराव कोट-मफलर घालून टेबलाशी बसले होते. समोर केशर-मनुका घातलेला, भल्यामोठ्या जिलबीसारखा वळलेला गोड पाव. त्यांनी स्वतः भाजलेला. आठ कप, आठ बशा. एकही हललेली नव्हती.

मला पाहून ते उठले. चेहरा उजळला, आणि लगेच पडला.

"वहिनी, तुम्ही लेख वाचलाय."

"वाचलाय."

"मग तुम्हाला धरता येणार नाही. पुरावा म्हणून."

"नका धरू," मी म्हटलं. "मला काय तुमच्या कार्डात जाऊन बसायचंय? चहा टाका. बोटं गारठलीत माझी."

ते उभेच राहिले. मग सुरी घेतली. पाव कापायला घेतला, तशी मी बशी पुढे धरली. "मालती होती तेव्हा," ते म्हणाले, "लोक यायचे हो. कुठलाही दिवस असो, न सांगता यायचे. मला वाटायचं, माझ्याकडे येतात."

मी पावाचा तुकडा मोडला. सुरेख झाला होता. केशर जरा कमी, तसं मी सांगितलं. त्यावर ते पुरावा मागायला विसरले. मग आम्ही मालतीबद्दल बोललो. ती कार्डं उलटी लावायची त्याबद्दल, आणि ती तिच्या भसाड्या आवाजात लाट्व्हियन गाणी म्हणायची त्याबद्दल. ते पोट धरून हसले. साडेपाचला अंधारून आलं, तरी खिशातलं पेन त्यांनी बाहेर काढलं नव्हतं.

निघताना ते फाटकापर्यंत आले. "बरं झालं आलात," म्हणाले. मग, "पुढच्या वर्षी..." म्हणाले आणि एकदम थांबले. पुढचं बोलले असते तर ते बोलावणं झालं असतं.

ओठ घट्ट मिटून, मफलर सावरत, ते माझ्याकडे नुसते बघत उभे राहिले.

"काही बोलू नका," मी म्हटलं, "मला ऐकू आलं."